सेनापतीचे अर्ज, गव्हर्नरचे जबाब

जॉर्ज वॉशिंग्टन आणि कनेक्टिकटचा गव्हर्नर जोनाथन ट्रंबुल यांच्यातला पत्रव्यवहार जुलै १७७५ मध्ये सुरू झाला आणि अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध संपेपर्यंत चालू राहिला. लढायांची वर्णने शोधायला जाणाऱ्याची या पत्रांत निराशा होते. त्यांत येतात ते बैल, पीठ, बंदुकीची दारू, शिसे, तंबू, घोंगड्या, कैदी आणि मुदत संपताच घरची वाट धरणारे सैनिक. ज्या युद्धाचा निकाल यॉर्कटाउनच्या शरणागतीत लागला ते आठ वर्षे कशाच्या बळावर तगले, याचे उत्तर मात्र रणभूमीच्या इतिहासापेक्षा या रुक्ष कागदांत जास्त सापडते.

पत्रांना एवढे महत्त्व येण्याचे कारण त्या वेळच्या राज्यव्यवस्थेत होते. वॉशिंग्टनला सेनापती नेमले ते तेरा वसाहतींच्या प्रतिनिधींच्या काँटिनेन्टल काँग्रेसने, १५ जून १७७५ रोजी. काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार नव्हता. ती कागदी चलन छापू शकत होती आणि वसाहतींकडे मागणी करू शकत होती, एवढेच. माणसे, धान्य, जनावरे, तोफा हे सारे वसाहतींच्या हातात. १७७६ नंतर त्याच घटकराज्ये म्हणवू लागल्या. सेनापती आपल्या कर्नलला हुकूम देऊ शकत होता, गव्हर्नरला नाही. डिसेंबर १७७६ मध्ये काँग्रेसने त्याला सहा महिन्यांसाठी व्यापक अधिकार दिले आणि लष्कराच्या गरजेपुरता माल जबरीने ताब्यात घेण्याची मुभाही त्यांत होती. वॉशिंग्टनने ती होता होईल तो वापरली नाही, इतकी की पुढे काँग्रेसनेच त्याला या संकोचाबद्दल टोकले. लुटारू सैन्याच्या पाठीशी लोक उभे राहत नाहीत, हे तो जाणून होता. त्यामुळे त्याच्या हातात उरले विनंतीचे पत्र.

ज्याला ही पत्रे जात तो ट्रंबुल युद्धाच्या आरंभी चौसष्ट वर्षांचा होता. वॉशिंग्टन त्रेचाळीस वर्षांचा. ट्रंबुलचा जन्म १७१० चा, कनेक्टिकटमधल्या लेबनन या खेड्यातला. हार्वर्डमधून १७२७ साली पदवी घेऊन त्याने धर्मोपदेशक होण्याची तयारी चालवली होती, पण घरच्या व्यापारात शिरावे लागले. गुरे विकत घेणे, ती बोस्टनच्या बाजारात पाठवणे, मांस व धान्य जहाजांवर चढवणे आणि इंग्लंडहून आलेला माल उधारीवर विकणे, हा त्याचा धंदा. फ्रेंचांविरुद्धच्या आधीच्या युद्धांत त्याने फौजांना रसदही पुरवली होती. १७६६ च्या सुमारास हा व्यापार पुरता बुडाला आणि इंग्रज व्यापाऱ्यांचे मोठे कर्ज अंगावर राहिले. दिवाळे निघालेल्या माणसावर पुढे एका सैन्याच्या पोटापाण्याची जबाबदारी पडावी हा योग विलक्षण खरा, पण कोणत्या तालुक्यात किती गुरे निघतील आणि खारवलेले मांस पिंपात भरायला किती मीठ लागेल हे त्याला तोंडपाठ होते. अशी माहिती काँग्रेसच्या एकाही समितीकडे नव्हती.

तेरा वसाहतींच्या गव्हर्नरांपैकी युद्ध सुरू होताना राजाविरुद्ध उभा राहिला तो एकटा ट्रंबुल. यात त्याच्या मनोधैर्याचा वाटा होताच, पण कनेक्टिकटच्या सनदेचाही होता. बहुतेक वसाहतींचे गव्हर्नर लंडनहून किंवा वसाहतीच्या मालकाकडून नेमले जात. कनेक्टिकटला मात्र १६६२ च्या सनदेप्रमाणे आपला गव्हर्नर दरसाल निवडण्याचा हक्क होता. ट्रंबुल १७६९ पासून त्या पदावर होता आणि त्याला दर वसंत ऋतूत मतदारांपुढे जावे लागे. वॉशिंग्टनला लिहिलेल्या त्याच्या पत्रांत वाक्यावाक्यामागे हे मतदार उभे असतात.

लेबननमध्ये ट्रंबुलचे जुने दुकान होते, उतरत्या छपराची एक लहानशी लाकडी इमारत. व्यापार बुडाला, दुकान रिकामे होते, तिथेच गव्हर्नरची कचेरी थाटली गेली. मे १७७५ मध्ये विधिमंडळाने गव्हर्नरच्या मदतीला सुरक्षा समिती नेमली आणि विधिमंडळ भरलेले नसे तेव्हा युद्धाचा सारा कारभार ही समिती पाही. युद्धाच्या काळात तिच्या हजारावर बैठका झाल्या, बहुतेक याच दुकानात. स्वार खलिता घेऊन येई, पत्र समितीपुढे वाचले जाई, ठराव होई, आणि मग उत्तर व हुकूम एकाच वेळी बाहेर पडत. हा प्रकार सेनापतीला संथ वाटे. तरी लेबननचे ठराव अमलात येत, कारण ते करणारी माणसे आपापल्या गावची मुखंड होती.

पहिली पत्रे मानपानाची आहेत. वॉशिंग्टन जुलैच्या आरंभी बोस्टनजवळच्या केंब्रिजच्या छावणीत दाखल झाला. १३ जुलैला ट्रंबुलने त्याला अभिनंदनाचे पत्र लिहिले; त्यात काँग्रेसने जाहीर केलेल्या उपवासाचा उल्लेख आहे आणि सूर बराचसा प्रवचनाचा. १८ तारखेला वॉशिंग्टनने तितक्याच अदबीने आभार मानले. ही अदब टिकवायला फार सवड मिळाली नाही. ऑगस्टच्या आरंभी छावणीतली बंदुकीची दारू मोजली गेली. कोठारात जेवढी आहे असे समजत होते त्याच्या एका लहानशा हिश्श्याएवढीच ती निघाली, शिपायामागे नऊ बारही होईनात. बातमी ऐकून सेनापती अर्धा तास एक शब्द बोलला नाही, असे जनरल सलिव्हनने लिहून ठेवले आहे. मग शेजारच्या वसाहतींकडे दारू आणि शिशासाठी तातडीची पत्रे निघाली. तुटवडा किती आहे हे सांगितल्याशिवाय दारू मिळायची नाही आणि पत्र शत्रूच्या हाती लागले तर सर्वनाश. पुढे वॉशिंग्टनच्या अनेक पत्रांत जी राखून बोलण्याची सवय दिसते ती या पेचातून आलेली आहे.

याच सवयीवरून पहिला खटका उडाला. ३० ऑगस्ट १७७५ रोजी ‘रोझ’ या इंग्रज युद्धनौकेने कनेक्टिकटच्या किनाऱ्यावरील स्टोनिंग्टन गावावर तोफा डागल्या. किनारा हादरला. नुकतीच भरती झालेली माणसे काही काळ किनाऱ्यावरच राहू द्यावीत, असे ट्रंबुलने सेनापतीला कळवले. वॉशिंग्टनचे ८ सप्टेंबरचे उत्तर चारदोन ओळींचे होते: पत्र पोहोचताच सगळी नवी भरती ताबडतोब छावणीकडे पाठवण्याची व्यवस्था करावी. कारण दिलेले नव्हते, गाऱ्हाण्याची दखलही नव्हती.

ट्रंबुलचा १५ सप्टेंबरचा जबाब म्हणजे सभ्य रागाचा नमुना आहे. असा निर्वाणीचा हुकूम येईल अशी अपेक्षा नव्हती, असे त्याने लिहिले. किनाऱ्यावरील लोकांची अवस्था सांगितली, आपल्या वसाहतीने आजवर कशातही हात आखडता घेतलेला नाही याची आठवण दिली आणि शेवटी आदर व्यक्त केला तो सेनापतीच्या ‘व्यक्तिगत’ चारित्र्याबद्दल. म्हणजे माणूस म्हणून मान आहे, हुद्देदार म्हणून वागणे पटले नाही. पत्राच्या मायन्यात आणि समाप्तीतच माणसाची पायरी ठरण्याचा तो काळ होता. टोमणा लागायचा तिथे लागला.

वॉशिंग्टनने २१ सप्टेंबरला लांब उत्तर धाडले. व्यक्ती आणि पद असा भेद करून आदर फक्त व्यक्तीपुरता ठेवावा असे गव्हर्नरला वाटावे, याचे खरोखर वाईट वाटते, असे त्याने आरंभीच लिहिले. मग न सांगितलेली कारणे सांगितली. सैन्याची एक तुकडी क्वेबेककडे रवाना होत होती, बोस्टनवर हल्ला करण्याचा विचार चालू होता आणि अशा गोष्टी कागदावर उतरवणे धोक्याचे होते. किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावाला पहारा पुरवायचा तर सैन्यच विरून जाईल, हेही त्याने मोकळेपणाने मांडले. कनेक्टिकटच्या नव्या पलटणी बोस्टनकडे गेल्या. मागणी तसूभरही कमी न करता वॉशिंग्टनने माघार घेतली होती ती फक्त भाषेत, आणि या माणसाबरोबर पुढची आठ वर्षे काढायला तेवढे पुरेसे ठरले. त्यानंतरच्या पत्रांत मागणीबरोबर तिचे कारण बहुतेक वेळा येते. ज्या सेनापतीचा नागरी सत्तेबद्दलचा आदर आज वाखाणला जातो, त्याला तो एका संतापलेल्या गव्हर्नरने काही अंशी शिकवला, असे म्हणायला हरकत नाही.

डिसेंबरमधला प्रसंग याहून बिकट होता आणि त्यात चूक उघडच कनेक्टिकटच्या बाजूची होती. कनेक्टिकटच्या शिपायांची मुदत १० डिसेंबरला संपत होती. त्यांची जागा घ्यायला माणसे येईपर्यंत थांबा, अशी त्यांना विनवणी झाली. महिन्याच्या पहिल्या तारखेलाच पुष्कळांनी बोचकी बांधली आणि काही तर बंदुकांसह चालू लागले. वॉशिंग्टनने २ डिसेंबरला ट्रंबुलला कडक शब्दांत लिहिले आणि या लज्जास्पद वर्तनाबद्दल दोषींना अद्दल घडवावी अशी अपेक्षा कळवली. मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हँपशर या वसाहतींनी सुमारे पाच हजार मिलिशिया, म्हणजे गावोगावची हंगामी नागरी फौज, पाठवून खिंडार बुजवले.

ट्रंबुलने पाच दिवसांत उत्तर दिले. शिपायांचे वर्तन निंद्य आहे, हे त्याने आडपडदा न ठेवता कबूल केले. मग त्याने एक समजूत घातली आणि अख्ख्या पत्रव्यवहारातला सर्वांत खोल भाग बहुधा हाच. न्यू इंग्लंडचा, म्हणजे कनेक्टिकट-मॅसॅच्युसेट्ससारख्या ईशान्येकडच्या वसाहतींचा, माणूस स्वातंत्र्यासाठी पेटून उठतो, पण सैन्यात येणे हा तो आपल्या राजीखुशीचा करार समजतो. कराराची मुदत संपली की नवा करार होईपर्यंत आपण बांधील नाही, असे त्याला मनापासून वाटते. राजाची सत्ता झुगारण्यासाठी लढणाऱ्या माणसांकडून हुकुमाची सवय अपेक्षिणे कठीण, हे व्हर्जिनियातल्या गुलामांच्या मळ्यावरून आलेल्या जमीनदाराला खेड्यातला व्यापारी सांगत होता. वॉशिंग्टनला ते ऐकून बरे वाटले असण्याचा संभव कमी. तरीही काँग्रेसकडे मुदतबंद भरतीऐवजी युद्ध संपेपर्यंतच्या भरतीची मागणी त्याने पुढे सतत लावून धरली, ती याच अनुभवावर.

राग-रुसवे चालू असताना काम थांबत नव्हते. जानेवारी १७७६ मध्ये इंग्रज न्यूयॉर्कवर उतरतील अशी धास्ती निर्माण झाली, तेव्हा जनरल चार्ल्स ली याला तिकडे पाठवण्यासाठी वॉशिंग्टनने ट्रंबुलकडे माणसे मागितली. काँग्रेसच्या परवानगीची वाट न पाहता कनेक्टिकटने दोन पलटणी उभ्या केल्या. त्याच वर्षी सॉल्झबरीची लोखंडाची भट्टी राज्याने ताब्यात घेतली आणि तिथे तोफा ओतल्या जाऊ लागल्या. ट्रंबुलच्या शिफारशीने आणखी एक गोष्ट वॉशिंग्टनपर्यंत पोहोचली: डेव्हिड बुशनेल या कनेक्टिकटच्या तरुणाने बांधलेली ‘टर्टल’ ही एका माणसाने चालवायची पाणबुडी. सप्टेंबर १७७६ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात तिने ‘ईगल’ या इंग्रज जहाजाला सुरुंग लावण्याचा प्रयत्न केला, तो फसला. वॉशिंग्टनने मात्र पुढे जेफर्सनला लिहिताना बुशनेलच्या कल्पकतेला दाद दिली आणि त्याची शिफारस ट्रंबुलने केली होती याची आठवणही ठेवली.

त्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या बचावासाठी कनेक्टिकटहून आलेल्या घोडेस्वारांनी सेनापतीचे डोके उठवले. चाऱ्याची टंचाई असल्यामुळे घोडे परत पाठवा, असे त्यांना सांगितले. घोडे सोडायला ते तयार होईनात, आणि पहारा व खोदकाम यांतून कायद्याने आपल्याला सूट असल्याचे त्यांनी सांगितले. जुलैत वॉशिंग्टनने त्यांना घरी जायला मोकळे केले. ऑगस्टमध्ये त्याने मदतीसाठी पुन्हा ट्रंबुलला लिहिले, तेव्हा गव्हर्नरने चौदा मिलिशिया पलटणींना कूच करण्याचे हुकूम काढले. पिके कापणीला आलेली, शेतावर माणूस नाही, अशा दिवसांत हजारोंनी शेतकरी आले. लाँग आयलंडच्या पराभवानंतर ते तितक्याच वेगाने पांगले. कनेक्टिकटचे आठ हजार होते ते दोन हजारांच्या आत आले, अशी नोंद सेनापतीच्या पत्रात आहे. १५ सप्टेंबरला किप्स बे येथे इंग्रज उतरताच पळत सुटलेल्यांतही बहुतेक याच राज्याचे होते.

कैद्यांचा विषयही मधूनमधून डोके वर काढतो. किनाऱ्यापासून दूर आणि आघाडीच्या मागे असल्यामुळे कनेक्टिकटची आतल्या भागातली गावे राजबंद्यांसाठी सोयीची होती. त्यांतला सर्वांत अवघड बंदी म्हणजे न्यू जर्सीचा पदच्युत गव्हर्नर विल्यम फ्रँकलिन, बेंजामिन फ्रँकलिनचा मुलगा. नजरकैदेत असताना तो गुपचूप राजाच्या नावाने माफीपत्रे वाटत असल्याचे उघड झाल्यावर १७७७ मध्ये त्याला लिचफील्डच्या तुरुंगात एकांतवासात टाकण्यात आले. त्याची बायको न्यूयॉर्कमध्ये मरणपंथाला लागली होती. तिला भेटू द्यावे म्हणून वॉशिंग्टनने काँग्रेसकडे शब्द टाकला, काँग्रेसने नकार दिला आणि ती त्याच महिन्यात वारली.

ट्रंबुलचे अवघे घर या युद्धात होते. थोरला मुलगा जोसेफ सैन्याचा पहिला रसदप्रमुख झाला. धाकटा जॉन, पुढे चित्रकार म्हणून गाजलेला, १७७५ मध्ये काही दिवस वॉशिंग्टनचा सहायक होता. इंग्रजांच्या मोर्च्यांचा त्याने काढलेला नकाशा सेनापतीच्या नजरेत भरला होता. जोसेफने काम चोख केले, पण जून १७७७ मध्ये काँग्रेसने रसदखात्याची नवी रचना केली आणि मोबदला व नेमणुकांच्या अधिकारावरून वाद झाला. जोसेफने राजीनामा दिला, आजारी पडला आणि जुलै १७७८ मध्ये लेबननमध्ये वारला. गव्हर्नरने या वागणुकीबद्दल काँग्रेसला कधी क्षमा केली नाही. सैन्याला त्या फेररचनेचे फळ व्हॅली फोर्जच्या छावणीतल्या हिवाळ्यात मिळाले.

फेब्रुवारी १७७८ मध्ये व्हॅली फोर्जहून ट्रंबुलला आलेले पत्र आधीच्या सगळ्यांहून हताश आहे. छावणीत मांस संपत आले होते. रसदखात्याच्या हिशेबाप्रमाणे महिनाअखेरनंतर आसपासच्या राज्यांतून जनावरे मिळण्याची आशा नव्हती आणि उपाशी सैन्य बंड करील किंवा पांगेल अशी भीती होती. लेबननच्या समितीने कोलचेस्टरचा कर्नल हेन्री चँपियन याच्यावर काम सोपवले. चँपियन गुरांचा जाणता. त्याने पूर्व कनेक्टिकटच्या शेतांवरून बैल जमवले आणि कळप हाकत थंडीत, हडसन नदी ओलांडून, दोनशेहून अधिक मैल नेला. जनावर चालते ठेवून पोहोचवण्यातच शहाणपण होते. पिंपांतले मांस वाहून न्यायला गाड्या लागतात, गाड्यांना बैल लागतात आणि रस्ते चिखलाने भरलेले होते. शत्रूच्या टोळ्यांपासून बचावत, वाटेत चारा विकत घेत, वजन फार न घटवता कळप छावणीत आणणे हे एखाद्या चढाईइतकेच कसबाचे काम. चँपियनने आणलेला एक कळप सैन्याने पाच दिवसांत फस्त केला, असे सांगतात. एप्रिलमध्ये काँग्रेसने रसदखाते हार्टफर्डच्या जेरेमाया वॉड्सवर्थच्या हाती दिले, तेव्हा गाडी रुळावर आली. तोही कनेक्टिकटचाच.

पुढच्या वर्षांत मागण्यांची जातच बदलली. कागदी चलनाची किंमत कोसळली. १७८० च्या आरंभी काँग्रेसने पैशाचा नाद सोडून राज्यांकडे थेट वस्तूंच्याच मागण्या नोंदवायला सुरुवात केली: इतके मांस, इतके पीठ, इतकी रम. त्यामुळे गव्हर्नर व्यवहारात सैन्याचा कोठीवाला बनला. ही पद्धत कुचकामी ठरली, कारण माल जिल्ह्यात जमा होई आणि तो हलवायला पैसा नसे. २५ मे १७८० रोजी मॉरिसटाउनच्या छावणीत मांसावाचून दिवस काढणाऱ्या कनेक्टिकटच्याच दोन पलटणी शस्त्रे घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. त्यांना अडवताना कर्नल मेग्ज जखमी झाला. जानेवारी १७८१ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या पलटणींनी मोठे बंड केले, तेव्हा वॉशिंग्टनने जनरल नॉक्सला न्यू इंग्लंडच्या गव्हर्नरांकडे परिपत्रक देऊन पाठवले. तीन महिन्यांचा पगार आणि कपडे ताबडतोब पाठवा, अशी त्यात मागणी होती.

कनेक्टिकटचे स्वतःचे रडगाणेही खोटे नव्हते. एप्रिल १७७७ मध्ये इंग्रजांनी डॅनबरीचे कोठार जाळले, त्यात सतराशेच्या आसपास तंबू गेले. जुलै १७७९ मध्ये फेअरफील्ड आणि नॉरवॉक ही गावे बेचिराख झाली. प्रत्येक वेळी ट्रंबुलने किनाऱ्यासाठी फौज मागितली, आणि वॉशिंग्टनचे उत्तर जवळपास १७७५ चेच राहिले: सैन्य विखुरता येणार नाही.

जुलै १७८० मध्ये अमेरिकेच्या मदतीला आलेला फ्रेंच सेनापती रोशांबो न्यूपोर्टला उतरला आणि लेबननला अनपेक्षित पाहुणे लाभले. ड्यूक द लोझाँच्या घोडदळाने १७८०-८१ चा हिवाळा तिथे काढला. व्हर्सायच्या दरबारात वाढलेल्या लोझाँला ते गाव सायबेरियाची आठवण करून देई. गव्हर्नर ट्रंबुलची जुनाट वेशभूषा आणि लांबलचक प्रार्थना हा फ्रेंच अधिकाऱ्यांच्या चेष्टेचा विषय होता, पण घोड्यांना दाणा मात्र वेळेवर मिळत राहिला. मे १७८१ मध्ये वेदर्सफील्ड येथे वॉशिंग्टन आणि रोशांबो यांनी मोहिमेची आखणी केली, तेव्हा ट्रंबुलही तिथे होता. लगेच न्यू इंग्लंडच्या गव्हर्नरांना परिपत्रक गेले: पलटणी भरा, मिलिशिया सज्ज ठेवा, रसद आणि वाहतुकीची सोय करा.

जून १७८१ मध्ये ट्रंबुलचा दुसरा मुलगा, त्याचेही नाव जोनाथनच, वॉशिंग्टनचा लष्करी चिटणीस झाला. सेनापतीच्या कचेरीतून गव्हर्नरला जाणाऱ्या मागण्या आता त्याच्याच मुलाच्या टेबलावरून जाऊ लागल्या. सप्टेंबरमध्ये सैन्य यॉर्कटाउनच्या वाटेवर असताना बेनेडिक्ट अरनॉल्डने न्यू लंडन जाळले. फितूर झालेला हा सेनानी जवळच्याच नॉर्विचचा. १९ ऑक्टोबरला यॉर्कटाउन येथे इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला.

विजयानंतर ट्रंबुलच्या वाट्याला कौतुक आले नाही. तो शत्रूशी चोरटा व्यापार करतो, अशी कुजबुज पसरली. १७८२ च्या आरंभी त्याने स्वतःच विधिमंडळाकडे चौकशीची मागणी केली आणि चौकशीत तो निर्दोष ठरला. जून १७८३ मध्ये वॉशिंग्टनने सर्व राज्यांच्या गव्हर्नरांना निरोपाचे परिपत्रक पाठवले आणि मध्यवर्ती सत्ता बळकट करण्याचा आग्रह धरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निवृत्ती जाहीर करताना ट्रंबुलने विधिमंडळापुढे तेच मत मांडले, आणि त्याबद्दल टीका ओढवून घेतली. राज्याच्या हक्कांवरून एके काळी सेनापतीला खडसावणारा माणूस शेवटी सेनापतीच्या मताला आला होता. आठ वर्षे मागण्यांचे कागद हाताळल्यावर दुसरे मत होणे अवघडच.

ट्रंबुल १७ ऑगस्ट १७८५ रोजी वारला. १ ऑक्टोबरला वॉशिंग्टनने माउंट व्हर्ननहून जोनाथन या मुलाला लिहिलेल्या सांत्वनाच्या पत्रात दिवंगत गव्हर्नरला अग्रगण्य देशभक्तांत गणले. वॉशिंग्टनच्या बाजूचे कागद युद्ध चालू असतानाच रिचर्ड व्हॅरिकच्या हाताखालच्या लेखनिकांनी नकलून ४४ खंडांत बांधले होते. ते आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. ट्रंबुलचे दप्तर कुटुंबाने १७९५ मध्ये मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीला दिले. ते १९२१ मध्ये कनेक्टिकटला परत आले आणि हार्टफर्डच्या राज्य ग्रंथालयात जतन केलेले आहे. लेबननमधली दुकानवजा कचेरीही अद्याप उभी आहे.